गिल्हूलींच्या घरून फोन लागत नाही

फिन्टन गिल्हूलीने ड्रमलार ते स्लायगो ही बस इतकी वर्षं चालवली, की रस्त्याकडेच्या गाईसुद्धा त्याचा हॉर्न ओळखायच्या. निवृत्त झाला तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं, गावाने पबमध्ये जेवण दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो घरी बसला. नुसता बसला असता तर डिम्पनाची काही तक्रार नव्हती. तो बोलत बसला.

बसमध्ये त्याचं बरं होतं. मागे माणसं भरलेली, दारं बंद, स्लायगो येईपर्यंत जाणार कुठे? घरात ऐकायला एकटी डिम्पना, आणि तिला जायला जागा होत्या. कोंबड्यांचं खुराडं होतं, चर्चमधली फुलं बदलायची असत, आणि काहीच नसलं तर स्वयंपाकघरात जिल्ह्याचा रेडिओ होता. सकाळी बातम्या संपल्या की एंडा नावाच्या निवेदकाचा कार्यक्रम लागे. लोक त्याला फोन करत. कोणाची मेंढी हरवलेली असे, कोणाला रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल बोलायचं असे. मध्येच काल वारलेल्यांची नावं वाचली जात. डिम्पना ते सगळं भांडी घासता घासता मन लावून ऐकायची.

एका सकाळी तिने पुढच्या खोलीतून फोन उचलल्याचा आवाज ऐकला आणि थोड्या वेळाने रेडिओतून तिचा नवराच बोलायला लागला. स्टॉपवर नवीन बाक बसवलंय, त्याचं तोंड भिंतीकडे आहे, बसची वाट बघणाऱ्याने काय भिंतीची वाट बघायची, असं तो विचारत होता. एंडा खळखळून हसला. तेवढं पुरे झालं. त्यानंतर फिन्टन रोज फोन करू लागला आणि डिम्पनाला नवरा रोज दोनदा ऐकू येऊ लागला, एकदा दारातून आणि एकदा रेडिओतून.

सुरुवातीला तिला कौतुकच वाटलं. पण बाकं आणि खड्डे किती दिवस पुरणार? ते संपले तसा फिन्टन घरात शिरला. डिम्पनाचा गुडघा जिल्ह्याला कळला. बहिणीशी तिचा अबोला का आहे तेही कळलं. ती म्हणायची, "फिन्टन, अरे, घरातलं नको सांगूस." तो म्हणायचा, "नाव कुठे घेतो मी? 'आमची ही' म्हणतो." जसं काही जिल्ह्यात कोणाला ठाऊक नव्हतं की फिन्टनची 'ही' कोण.

मग ती पावाची सकाळ आली.

डिम्पनाच्या ब्राऊन ब्रेडला गावच्या उन्हाळी मेळाव्यात दरवर्षी पहिल्या बक्षिसाची फीत मिळायची. तिच्या पावाचं रहस्य काय, हे विचारून विचारून चर्चच्या बायका थकल्या होत्या. डिम्पना नुसती हसायची. "हाताला सवय असते," म्हणायची. त्या दिवशी रेडिओवर कोणीतरी तावातावाने बोलत होतं, की आजकाल सगळं तयार पाकिटातलं, जुनी चव गेली. फिन्टनला हे पटलं नाही आणि त्याने लगेच फोन लावला.

"पाकिटाला काय झालंय, एंडा?" रेडिओतून आवाज आला. "आमच्या हिचंच बघ. तयार पिठाचं पाकीट फोडायचं, ताक ओतायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं. वर्षानुवर्षं पहिलं बक्षीस! एका परीक्षकाच्या बापाला कळलं नाही!"

डिम्पनाने रेडिओ इतक्या जोरात बंद केला की बटण तिच्या हातात आलं.

जरा वेळाने फिन्टन हात चोळत आत आला. "ऐकलंस का? एंडा म्हणाला, या आठवड्यातला सगळ्यात भारी फोन!"

डिम्पना बटण टेबलावर ठेवून कोंबड्यांकडे गेली आणि दुपारपर्यंत परत आली नाही.

पुढचे दिवस तिला गावात तोंड दाखवणं जड गेलं. खाटकाने विचारलं, "डिम्पनाबाई, सॉसेज ताजे देऊ की पाकिटातले? तुम्ही त्यातल्या जाणकार." चर्चमध्ये फुलं लावताना बायका फारच गोड बोलल्या. ते तर टोमण्यांपेक्षा वाईट होतं. शेवटी ती केस सेट करायला कन्सेप्टाकडे गेली. कन्सेप्टाने आपल्या पुढच्या खोलीतच केसांचं दुकान थाटलं होतं. तिथे बाई एकदा खुर्चीत बसली की गावातलं सगळं तिच्या कानावर पडायचं. पावाचा विषय मात्र कन्सेप्टाने शहाणपणाने टाळला आणि आपल्या मुलाचं रडगाणं सुरू केलं.

"त्याची ती मैत्रीण गेलीय ऑस्ट्रेलियात. हा रात्रंदिवस फोनवर. बोलतात तरी काय? हा म्हणतो, 'मग?' ती म्हणते, 'मग काय?' पृथ्वीच्या दोन टोकांवरून! शेवटी मी फोन कंपनीला सांगून लाइनच बंद केली."

"फोन काढून टाकलास?" डिम्पनाने केसांत गुंडाळलेल्या रोलरखालून विचारलं.

"छे गं! आपल्याला फोन येतात. इथून बाहेर जात नाहीत. नंबर फिरवला की एक बाई बोलते, या लाइनवरून फोन करता येणार नाही, कोड दाबा. गोड बोलते, पण ऐकत नाही कोणाचं. माझ्या सासूची आठवण येते."

"आणि कोड?"

"तो फक्त मला ठाऊक," कन्सेप्टा म्हणाली आणि रोलर घट्ट पिळला.

डिम्पनाने विषय तिथेच सोडला, पण घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी फिन्टन सायकलवरून पबमध्ये फुटबॉलची मॅच बघायला गेला, तशी तिने पुढच्या खोलीचं दार लावलं, चष्मा चढवला आणि फोन कंपनीला फोन केला. लाइन तिच्याच नावावर होती. घर तिच्या वडिलांचं, त्यामुळे फोनही.

पलीकडे दक्षिणेतल्या कॉर्ककडची एक मुलगी होती. ती एवढी भरभर बोलायची की वाक्याचं शेपूट पकडेपर्यंत पुढचं वाक्य निघून जाई.

"कोणते फोन बंद करायचेत, मॅडम?"

"एकच. रेडिओचा."

"एकच नंबर बंद करता येत नाही. परदेशचे बंद होतात, मोबाइलचे होतात, नाहीतर सगळेच."

"सगळेच म्हणजे?"

"पोलीस, अँब्युलन्स, आगीचा बंब सोडून सगळे. घरात तरुण मुलगा आहे का फोन करणारा?"

"आहे," डिम्पना म्हणाली. "एकाहत्तर वर्षांचा."

मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "सगळेच बंद करू या."

आपल्या बाजूने सेवा चालू केल्यावर तिने डिम्पनाला पायरी पायरीने सांगायला सुरुवात केली. रिसीव्हर ठेवून पुन्हा उचलायचा, चांदणीचं बटण दाबायचं, मग हे आकडे, मग आपला चार आकडी कोड, मग जाळीचं बटण.

"जाळीचं कोणतं?"

"शून्याच्या उजवीकडे. कुंपणाच्या फाटकासारखं दिसतं बघा."

"हां, फाटक. असं सांग ना."

"आणि कोड कोणी ओळखेल असा ठेवू नका. जन्मतारीख वगैरे अजिबात नको. नवऱ्याला पहिली तीच सुचते."

"माझी?" डिम्पना म्हणाली. "माझ्या नवऱ्याला? तू त्याची काळजी करू नकोस, बाळ."

आणि रिसीव्हर ठेवून पुन्हा उचलल्यावर तिने चांदणी दाबली, आकडे दाबले, स्वतःचा वाढदिवस दाबला, फाटक दाबलं. खात्री करायला बहिणीचा नंबर फिरवला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, क्षमस्व, या लाइनवरून बाहेर फोन करण्यास लाइनधारकाने मनाई केली आहे. बहिणीशी नाहीतरी बोलायचं नव्हतंच. डिम्पनाने समाधानाने रिसीव्हर ठेवला आणि चहा टाकला.

सकाळी फिन्टन फोनपाशी गेला. विषय होता कुत्र्यांनी पोस्टमनला चावण्याचा, आणि त्यावर त्याला बरंच सांगायचं होतं. डिम्पना स्वयंपाकघरात बटाटे सोलत कान देऊन उभी राहिली.

"हॅलो, एंडा? नाही? कोण बोलतंय? बरं, मी फिन्टन. हो, तेच सांगतोय, आमच्या बसमागे एक कुत्रा लागायचा... काय? बाई, आधी ऐकून तर घ्या!"

बराच वेळ असं चाललं. मग तो वैतागून आत आला. "रेडिओवाल्यांनी नवी बाई ठेवलीय. सारखी माफी मागते आणि पुढे जाऊ देत नाही. मी तिला कुत्र्याचं सगळं सांगितलं. हूं नाही की चूं नाही."

"ती काय म्हणते, ते ऐकलंस का तू?"

"मला बोलायला कुठे देते ती, म्हणून ऐकू?"

डिम्पनाने मान खाली घालून बटाटा सोलला. सोलता सोलता बटाटा पार गोटीएवढा झाला.

लाइनमध्ये बिघाड असावा असं फिन्टनचं दोन दिवसांनी मत झालं, कारण खाटकाला लावला तरी तीच बाई बोलत होती. त्याने शिडी लावून भिंतीवरची तार हलवून पाहिली. चौकातल्या सार्वजनिक फोनचा रिसीव्हर जिल्ह्याची टीम जिंकली त्या रात्री कोणीतरी आनंदाच्या भरात उपटून नेला होता. तेव्हा मोबाइल अख्ख्या गावात एका गुरांच्या दलालाकडे, आणि तो कोणाला हात लावू देत नसे. पबमधला फोन होता, पण पब उघडेपर्यंत एंडाचा कार्यक्रम संपलेला असे. तिथून त्याने निदान फोन कंपनीला तक्रार केली. त्यांनी विचारलं, लाइन आपल्या नावावर आहे का? नसेल तर लाइनधारकालाच बोलावं लागेल.

"तू बोल ना त्यांच्याशी," तो घरी येऊन म्हणाला.

"बोलेन की," डिम्पना म्हणाली. "पण फोन कुठे लागतोय?"

इंग्लंडहून त्यांची मुलगी ऊना हिचा फोन आला तेव्हा तर तो चक्रावलाच. "येतो आणि जात नाही! एकेरी वाहतूक झालीय आपल्याकडे!"

डिम्पनाला वाटलं होतं, आता घर शांत होईल आणि आपल्याला बरं वाटेल. घर शांत झालंही. फिन्टन सकाळी खिडकीशी बसून रस्त्याकडे बघायचा. जाणाऱ्या बसची वेळ घड्याळाशी ताडून बघायचा आणि ती उशिरा गेली तरी काही बोलायचा नाही. डिम्पनाने स्वतःला बजावलं, की हीच शांतता हवी होती.

मग एके सकाळी एंडा रेडिओवर म्हणाला, "मंडळी, ड्रमलारचे आपले फिन्टन बरेच दिवसांत बोलले नाहीत. कोणाला काही ठाऊक आहे का?"

डिम्पनाचा हात ओट्यावरच थांबला.

पहिला फोन एका बाईचा. गिल्हूलींच्या खिडक्यांचे पडदे दिसत नाहीत, असं तिने सांगितलं. पडदे डिम्पनाने धुवायला काढले होते. दुसऱ्या माणसाने सांगितलं की फिन्टन रविवारी चर्चमध्ये दिसला नाही. तो मागच्या खांबाआड डुलक्या घेत होता. तिसऱ्याने सांगितलं की आपण काही बोलू इच्छित नाही, पण परवा दारात काळी गाडी उभी होती. ती खतं विकणाऱ्याची होती. एंडाचा आवाज फोनागणिक खाली उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "आपण सगळे फिन्टनसाठी प्रार्थना करू," आणि व्हायोलिनसारख्या फिडलवरची एक अशी संथ धून लावली, की डिम्पनालाच क्षणभर गलबलून आलं. फिन्टन तेव्हा मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

तिला फोन करून सांगायचं सुचलं. बोटं बटणांपर्यंत गेलीही. पण फोन चालू आहे हे बाहेरून फिन्टनने ऐकलं असतं, तर त्याला काय सांगणार होती? तिने रिसीव्हर परत ठेवला.

दुपार व्हायच्या आत दारावर थाप पडली. डिम्पना हात पुसत पोहोचेपर्यंत फिन्टनने दार उघडलं होतं. बाहेर कन्सेप्टा मयताच्या घरी नेतात तसं हॅम सँडविचचं ताट घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे चर्चच्या फुलांच्या मंडळाच्या प्रमुख मिसेस ब्रेझनन, काळ्या कोटात, हातात सफरचंदाचं टार्ट.

"फिन्टन!" कन्सेप्टा किंचाळली. "तू उठलास!"

"मी कधीच उठलोय," फिन्टन म्हणाला. "काय झालं?"

मिसेस ब्रेझनननी मृतात्म्यासाठीच्या प्रार्थनेचं कार्ड आणलं होतं. ते त्यांनी चपळाईने टार्टखाली सरकवलं. "सहज आलो," त्या म्हणाल्या. "इकडूनच चाललो होतो."

"दोघी? काळ्या कोटात? सँडविच घेऊन?"

पण आलेल्या माणसाला दारात उभं ठेवायची पद्धत त्या घरात नव्हती. डिम्पनाने त्यांना आत घेतलं, चहा ओतला. मागून आणखी दोघीतिघी आल्या. प्रत्येकीने दारात फिन्टनला बघून दचकायचं आणि मग हातातलं ताट टेबलावर ठेवायचं, असं चाललं. टेबल भरून गेलं. फिन्टन मधोमध बसला होता. आपण मेलो अशी बातमी होती हे कळल्यावर त्याचा चेहरा जो खुलला, तो इतक्या दिवसांत खुलला नव्हता. "एंडा रडला का गं?" त्याने तीनतीनदा विचारलं.

बराच वेळ झाल्यावर कन्सेप्टाला आठवलं, की मुलाला गाडी घेऊन बोलवायला हवं. "फोन करू का गं इथून?"

"नको!" डिम्पना म्हणाली. "म्हणजे, बिघडलाय."

"बघते तरी," म्हणत कन्सेप्टा पुढच्या खोलीत गेलीसुद्धा. बटणं दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग ती दारात येऊन उभी राहिली. रिसीव्हर हातातच होता, वायर ताणलेली.

"डिम्पना," ती म्हणाली, "ही बाई मी ओळखते. ही माझ्याही घरी आहे."

"बघा!" फिन्टन म्हणाला. "सगळ्या लाइनींवर शिरलीय ती!"

"शिरली नाहीये रे. तिला ठेवलीय. फोन बिघडलेला नाही, बंद केलाय. लाइनवाल्याने."

सगळ्यांचे कप बशीत टेकले. लाइनवाला कोण, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. फिन्टनने वळून बायकोकडे पाहिलं.

"तू?"

"मी," डिम्पना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आता सुरुवात झालीच होती. "हो, मी! माझा गुडघा सांगितलास, बहीण सांगितलीस, तेही गिळलं. पण पाव? सगळ्या जिल्ह्याला?"

"अगं, मी तुझं कौतुक केलं!"

"पाकिटाचं कौतुक केलंस!"

"तू रेडिओ मध्येच बंद केलास वाटतं?" मिसेस ब्रेझनननी हळूच विचारलं. "पुढचं नाही ऐकलंस?"

"पुढे काय म्हणाला हा?"

सगळ्या आपापल्या चहात बघायला लागल्या. शेवटी कन्सेप्टाच म्हणाली, "म्हणाला की पाकिटाच्या आधी तू स्वतःच्या हाताने पाव करायचीस, आणि तो बसच्या चाकाखाली लावला असता तर बस उतारावर हलली नसती. आणि लग्नापासून तो रोज खाल्ला, एकदाही तक्रार नाही केली, म्हणाला."

आधी मिसेस ब्रेझनन फिसकन हसल्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, तोवर बाकीच्याही सुटल्या होत्या. डिम्पनाला रडावं की काय कळेना. पण पाव तसाच व्हायचा, हे तिला ठाऊक होतं. तिच्याही नाकातून हसू निसटलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"कोड सांग," फिन्टन म्हणाला. तो उठून पुढच्या खोलीत गेला, कन्सेप्टाच्या हातून रिसीव्हर घेतला आणि बोट उगारून उभा राहिला. "आत्ताच्या आत्ता. एंडाला सांगायला हवं मी जिवंत आहे म्हणून."

डिम्पनाने हाताची घडी घातली. "सांगते की. माझा वाढदिवस."

फिन्टनचं बोट बटणांवर आलं आणि तिथेच राहिलं.

रिसीव्हरमधल्या बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. क्षमस्व, म्हणत होती.

"थंडी होती," फिन्टन चाचरत म्हणाला. "बाहेर बर्फ होतं. फेब्रुवारी?"

कोणी मान हलवली नाही. त्याने कन्सेप्टाकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले. मिसेस ब्रेझनन छताकडे बघत होत्या. आता त्या खोलीतली एकही बाई त्याला तो आकडा सांगणार नव्हती, त्याने जन्मभर विचारलं असतं तरी.

त्याने रिसीव्हर ठेवला आणि फोनशेजारच्या जिन्याच्या पायरीवर बसला.

बायका हळूहळू पांगल्या. कन्सेप्टा चालतच गेली, आणि जाता जाता रेडिओला कळवते म्हणाली. डिम्पनाने टेबल आवरलं, आवरायला उरलं नाही तरी आवरलं, आणि मग ती पुढच्या खोलीत आली. फिन्टन अजून पायरीवरच होता.

"तुला एवढं बोलायचं असतं," ती म्हणाली, "तर माझ्याशी का नाही बोलत?"

"बोललो की. तू रेडिओ ऐकत असायचीस."

"मग?"

"मग म्हटलं, तू जिथे ऐकतेस तिथेच जावं."

पायरी अरुंद होती. "सरक," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. गुडघा दुखला, पण बसली.

तोड तिनेच काढली. फोन कायमचा उघडा ठेवायला ती तयार नव्हती, आणि बंद ठेवायला तिचं मन होईना. म्हणून नवीन कोड ठरला. पहिले दोन आकडे तिचे, शेवटचे दोन त्याचे. फोन करायचा तर दोघांनी मिळून करायचा. तिने आपले दोन दाबताना त्याने भिंतीकडे बघायचं, त्याने दाबताना तिने. पहिल्या दिवशी तो चोरून बघत होता. तिने त्याचं तोंड हाताने फिरवलं.

तेव्हापासून ती दोघं सकाळी चहा घेऊन पायरीवर बसू लागली. आपले आकडे दाबण्याआधी डिम्पना विचारायची, "काय सांगणार आहेस?" ते नीट कळल्याशिवाय बोट उचलायची नाही. मग फिन्टनला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. ती मध्ये प्रश्न विचारी, तो फाटे फोडी. कितीतरी सकाळी तो गोष्टीच्या शेवटाला येई तेव्हा स्वयंपाकघरातल्या रेडिओवर दुपारच्या बातम्या लागलेल्या असत आणि फोन राहूनच जाई. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. काही गोष्टी ती पास करी, काही नापास. बहिणीच्या गोष्टी सरसकट नापास.

एकदा त्याने एका नवरीची गोष्ट सांगितली. लग्नाच्या दिवशी तिची गाडी बंद पडली, म्हणून ती पांढऱ्या झग्यात त्याच्या बसला हात करून चढली आणि तिकीट काढायचा हट्ट धरून बसली. डिम्पनाने ती कधीच ऐकली नव्हती. हसून हसून तिच्या कपातला चहा बशीत सांडला.

"ही सांग," ती म्हणाली. "ही एंडाला सांगच."

तिने आपले दोन दाबले, त्याने आपले दोन. नंबर फिरवला. लाइन एंगेज होती. रेडिओवर कोणीतरी बाई आपल्या हरवलेल्या बदकांबद्दल बोलत होती आणि तिचं इतक्यात संपेल असं काही दिसत नव्हतं.

फिन्टनने रिसीव्हर मांडीवर ठेवला.

"तोवर दुसरी एखादी सांग," डिम्पना म्हणाली.